एकसष्टावं पान

सोलापूर, ९ जानेवारी २०२५

सृष्टी,

वर ‘चिरंजीव’ लिहून तीनदा खोडलं. ज्या मार्गदर्शकाने सहा वर्षांपूर्वी तुझी पीएच.डी. अर्ध्यावर तोडली, त्याने आज आशीर्वादाने सुरुवात करावी हे माझं मलाच पटेना. म्हणून नुसतं नाव लिहितो.

माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही. परवा शकुंतलाकाकूंच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच रिंगला उचललास, ‘काकू, कशा आहात?’ म्हणालीस आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. काकू म्हणाल्या, ‘शहाणी आहे पोरगी.’ बायकोच फितूर झाल्यावर पत्राशिवाय उपाय काय? तुझ्या अकलूजच्या शाळेचा पत्ता चनबसप्पाने दिला. प्रयोगशाळेचा परिचर म्हणून त्याने बाटल्या सांभाळल्या तशीच माणसंही सांभाळली, हे मला रिटायर झाल्यावर कळतंय.

कामाचं आधी. ज्यांची नोंदणी मुदत संपून रद्द झाली अशा विद्यार्थ्यांना विद्यापीठाने एकदाच पुन्हा संधी दिली आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत अर्ज करायचा. फॉर्म सोबत जोडला आहे. तुझे प्रयोग झालेले आहेत, प्रबंध लिहायचाच काय तो बाकी आहे. तू अर्ज करावास एवढ्यासाठी हे पत्र. आपल्यात जो गैरसमज झाला होता तो या निमित्ताने मिटेल.

विचारशील की म्हाताऱ्याला हे मध्येच कुठून आठवलं. विभाग नव्या इमारतीत हलतोय. जुनी कपाटं रिकामी करताना चनबसप्पाला तुझ्या तीन वह्या सापडल्या. त्या रद्दीत टाकायच्या होत्या. त्याने पिशवीत घालून माझ्या घरी आणल्या आणि म्हणाला, ‘सर, हे रद्दी नव्हे री. एकदा वाचा, मग तुम्हीच टाका.’

तीन दिवस वाचत होतो. पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस: ‘अंधारात रेणू कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रकाश पडला की तो क्षणभर वेगळा होतो. कसा होईल, हे एकट्या रेणूच्या हातात नाही. तो कोणत्या द्रावकात बुडाला आहे त्यावरही आहे. मला तो क्षण बघायचा आहे.’ एम.एस्सी. होऊन दोन महिने झालेल्या मुलीने हे लिहिलं. तीस वर्षं हा विषय शिकवून मला इतकं सोपं कधी सांगता आलं नाही. खाली माझा लाल शाईतला शेरा आहे: ‘भाषा वैज्ञानिक नाही.’ अकलेचे तारे तोडावेत तेही शाईने, म्हणजे जपून राहतात.

आणि ते काम! मला किती कळलं ते सांगतो, चुकलं तर बोल. आपला रेणू लांबट. त्याचं एक टोक इलेक्ट्रॉन देणारं, दुसरं ओढून घेणारं. हेक्झेनमध्ये विरघळवून त्यावर अतिनील प्रकाश टाकला की तो निळसर चमकतो आणि आलेखावर एकच उंचवटा येतो. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये मात्र दोन उंचवटे. एक तोच निळा, दुसरा हिरव्याकडे सरकलेला, पाचशे दहा नॅनोमीटरला. हेक्झेन हा अलिप्त द्रावक, शेजारी काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अ‍ॅसिटोनायट्राइलच्या प्रत्येक रेणूला मात्र धन आणि ऋण अशी टोकं आहेत, म्हणून तो ध्रुवीय. प्रकाशाने आपल्या रेणूतला इलेक्ट्रॉन इकडून तिकडे धावला की हे आजूबाजूचे रेणू तोंडं फिरवून त्याला सावरतात. त्या आधारावर आपला सपाट रेणू मध्येच पीळ खाऊन वळतो, आणि वळलेल्या रेणूची चमक म्हणजे तो दुसरा उंचवटा. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या दोनचार भागांत हे सगळं आटोपतं. आपल्या कॉलेजच्या जुन्या यंत्रावर तू ते पकडलंस.

प्रत्येक मोजणीआधी कोऱ्या द्रावकाची मोजणी. खोलीचं तापमान. वीज कधी गेली, कधी आली, आल्यावर दिवा स्थिर व्हायला तू किती मिनिटं थांबलीस. इतकं स्वच्छ काम माझ्या स्वतःच्या वहीत नाही, सृष्टी. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही.

फॉर्म भर.

गं. वि. पानगांवकर


सोलापूर, २७ जानेवारी २०२५

सृष्टी,

तुझं उत्तर नाही. काकूंना रोज विचारतो, पोस्टमन येऊन गेला का. त्या म्हणतात, ‘लग्नाआधी मला दोन पत्रं लिहिलीत, त्यात एकात गाडीचं वेळापत्रक होतं. आता बरं सुचतंय.’

मी इंद्रायणीकडे गेलो होतो. तू असताना ती नवीन लागली होती, तुम्ही दोघी एकत्र डबा खायचात. आता विभागप्रमुख आहे. म्हटलं, आठवडाभर यंत्र दे, सृष्टीचे प्रयोग मला माझ्या हाताने करून बघायचेत. ती म्हणाली, ‘सहा वर्षांनी?’ वरातीमागून घोडं, हे तिने म्हटलं नाही इतकंच. यंत्र दिलं.

सोपं असेल तिथून सुरुवात करावी म्हणून तुझी ती दहा कुप्यांची मालिका घेतली. कमी ध्रुवीय द्रावकात जास्त ध्रुवीय द्रावक थोडाथोडा वाढवत न्यायचा आणि दुसरा उंचवटा कसा वाढतो ते बघायचं. मी ऐटीत हेक्झेन घेतलं, त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल ओतलं, आणि कुपीत दोन थर उभे राहिले. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, हे मी बी.एस्सी.च्या पोरांना सांगून त्यांचे मार्क कापले आहेत. चनबसप्पा मागे उभा होता. शांतपणे म्हणाला, ‘मॅडम टोल्यूईन घेत होत्या री, सर.’ तू त्याच्या लेखी तेव्हाही मॅडम होतीस.

टोल्यूईन घेतलं. पहिल्या कुपीत दुसरा उंचवटा नावालाही नाही. चौथीत पहिल्या उंचवट्याला खांदा फुटला. सातवीत तो वेगळा दिसू लागला, दहावीत पहिल्याहून मोठा झाला आणि जाता जाता हिरव्याकडे सरकतही गेला. तुझा आलेख मी शेजारी धरला होता. माझे ठिपके तुझ्या रेघेवर पडत होते. दहावा ठिपका पडला तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. मला आनंद झाला होता, आणि लाजही वाटत होती. दोन्ही एकदम वाटू शकतं हे माहीत नव्हतं.

एकच जमत नाही. ग्लिसरीन. ते ध्रुवीय आहे खरं, पण दाट. भरलेल्या एसटीत माणसाला कूस बदलता येत नाही तसं त्यात रेणूला वळता येत नाही, म्हणून दुसरा उंचवटा दबायला हवा. तुझ्या वहीत तो जवळजवळ गायब आहे. माझ्याकडे निम्मा शिल्लक राहतो. तीनदा केलं. आणि खरं सांगतो, तिसऱ्यांदा निम्माच राहिला तेव्हा क्षणभर मनात आलं, बघा, चुकलीच होती ना शेवटी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

माझं काय राहतंय?

गं. वि. पानगांवकर


सोलापूर, ८ फेब्रुवारी २०२५

सृष्टी,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: ‘ग्लिसरीन कोरडं करून घेतलं होतं का?’ सप्रेम नमस्कार नाही, कळावे नाही, खाली नुसतं ‘सृ. मे.’ ‘सृष्टी मेटकरी’ ही सहा अक्षरं तू पुरी लिहावीस, एवढीही लायकी मी स्वतःची ठेवलेली नाही.

केलं नव्हतं. ग्लिसरीन हवेतलं पाणी पीत राहतं आणि पातळ होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. निर्वातात तापवून त्यातलं पाणी काढलं, पुन्हा मोजलं. उंचवटा गेला. एक ओळ, सृष्टी! मी तीन दिवस यंत्राला शिव्या देत होतो, आणि तू अकलूजमध्ये बसून, न बघता, सांगितलंस. मी ते कार्ड इंद्रायणीला दाखवलं. ती म्हणाली, ‘सर, हसताय काय इतकं?’

आता लिहायचं ते लिहितो. पहिल्या पत्रात मी ‘गैरसमज’ म्हणालो. तो गैरसमज नव्हता.

सोमवार, १९ नोव्हेंबर २०१८. दिवाळीत तू गावी जाऊन, बिरोबाच्या जत्रेहून आली होतीस. आठवडा झाला तरी नखांत भंडारा होता. तू मला तो दोन उंचवट्यांचा आलेख दाखवलास. हळद द्रावकात गेली की तीही हिरवट चमकते आणि द्रावकाप्रमाणे रंग बदलते, एवढं मला ठाऊक होतं. मी आलेख बघितला, तुझी नखं बघितली, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांसमोर म्हणालो, ‘हा दुसरा उंचवटा तुझ्या रेणूचा नाही, तुझ्या देवाचा आहे. जत्रा दाराबाहेर ठेवून येत जा.’ तुझ्याबरोबर पीएच.डी. करणारा हृषीकेश हसला, त्याच्यामागून बाकीचे हसले. तू म्हणालीस, ‘सर, पान एकसष्ट बघा.’ मी म्हणालो, ‘पान नको, हात दाखव.’

तू दाखवलेस. दोन्ही, पालथे. ते मला रोज दिसतात.

पान एकसष्ट मी आता वाचलं. तारीख १३ नोव्हेंबर. ‘हात हळदीचे आहेत. कितीही धुतले तरी नखांत राहते. म्हणून मुद्दाम तपासणी. हळद ४३० नॅनोमीटरला प्रकाश शोषते, आपला रेणू तिथे शोषत नाही. ४३० चा प्रकाश टाकला. काही चमकलं नाही. नमुन्यात हळद नाही.’ सहा दिवस आधी तू स्वतःवरच आरोप ठेवलास, चौकशी केलीस आणि निकाल लिहून ठेवलास. माझ्यासारखा कुणी भेटणार हे तुला माहीत होतं की काय?

आणि त्याखाली सही आहे. माझी. १७ नोव्हेंबर, शनिवार. दर शनिवारी चहा घेता घेता मी सगळ्यांच्या वह्यांवर सह्या करायचो. आमच्या सरांनी लावलेली शिस्त. वाचणं त्या शिस्तीत नव्हतं. तुला खोटं ठरवायच्या दोन दिवस आधी तू खरी आहेस असं मी सही करून दिलं होतं.

अजून एक. त्याच्या आदल्या महिन्यात खंडेनवमीला त्याच यंत्राला मी माझ्या बोटांनी हळदकुंकू वाहिलं होतं, दरवर्षी वाहायचो. नमुना ठेवायच्या कप्प्याच्या झाकणावरच. ती हळद मला कधी मळ वाटली नाही. माझ्या बोटांवरची ती पूजा आणि तुझ्या नखांतली ती घाण. हे मला साठ ओलांडल्यावर, शिकल्यासवरल्या घरात जन्मून, पदव्या घेऊन कळलं. वाईट वाटतं म्हणणं फार कमी आहे.

गं. वि. पानगांवकर


सोलापूर, १७ फेब्रुवारी २०२५

सृष्टी,

आज जे लिहितो त्यातलं अर्धं तुला माहीत नसेल.

त्या सोमवारनंतर गुरुवारी तुझे वडील कॉलेजात आले होते. तू तेव्हा ग्रंथालयात होतीस. ज्ञानबांनी तुला सांगितलं नसणार, ते तसे नाहीत. पहाटेच्या गाडीने आले होते. मी ‘बसा’ म्हटलं नाही. उभ्यानेच त्यांनी कागदाची पुडी टेबलावर ठेवली.

‘सर, तुमी भंडाऱ्याचं नाव घेतलं म्हनं. ह्यो घ्या. पोरीच्या कपाळाला लावल्याला ह्योच. तुमच्या मशिनीत घालून बगा की. आसंल तर पोरीला घरी नेतो. नसंल तर नसंल म्हना तिला, मग आमचं कायबी म्हननं न्हाई.’

बघ तू. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस मला नियंत्रण-चाचणी करायला सांगत होता. याहून सरळ प्रयोग त्या प्रयोगशाळेत त्या वर्षी कुणी सुचवला नाही. आणि मी म्हणालो, ‘हे कॉलेज आहे, देऊळ नव्हे.’ ते गेले. पुडी तशीच राहिली. चनबसप्पाने ती बाटलीत भरून वर तारीख घातली आणि कपाटात ठेवली.

गेल्या आठवड्यात ती चाचणी मी केली. भंडाऱ्याची चिमूट अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये, ४३० चा प्रकाश. लख्ख हिरवा. तुझ्या नमुन्यात त्याचा कणभर अंश असता तरी एकसष्टाव्या पानावर तो लपला नसता. सहा वर्षांपूर्वी याला वीस मिनिटं लागली असती.

मग तुझ्या वडिलांना फोन केला. नंबर चनबसप्पाकडेच होता. मी नाव सांगितलं. पलीकडे मेंढरं ऐकू येत होती.

म्हणालो, ‘तुम्ही दिलेला भंडारा तपासला.’

‘आत्ता व्हय?’

‘आत्ता. तुमची मुलगी बरोबर होती.’

‘ते मला ठावं हाय. भंडाऱ्याचं काय निगालं?’

‘अस्सल हळद आहे. चांगली चमकली.’

‘मग बेस झालं. दुकानदार भेसळ करतुय आसं पोरीची आय, आमची केराबाई, म्हनायची.’ आणि मग: ‘सर, तुमी मला नगा सांगू. तिला सांगा. लई दिस ती हात पदराखाली धरून बसायची.’

फोन काकूंनी घेतला, त्या दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं.

आता जे टाळत टाळत चौथ्या पत्रापर्यंत आलो ते. अर्ज द्यायला तू विद्यापीठात जाशील तेव्हा कारकून तुझी फाइल काढेल. त्यात डिसेंबर २०१८ चा प्रगती अहवाल आहे, माझ्या अक्षरात: ‘कामात हलगर्जी. नमुने दूषित. नोंदी विश्वासार्ह नाहीत.’ २०२० मध्ये तू दुसऱ्या विद्यापीठात प्रयत्न केलास. त्यांनी मला पत्र लिहून विचारलं होतं. मी उत्तर पाठवलं: ‘पूर्वीचा शेरा कायम.’ तुला तिथे का नाकारलं हे कदाचित आज कळत असेल. कळल्यावर हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण फॉर्म फाडू नकोस.

तो शेरा असेपर्यंत तुझा अर्ज मंजूर होणार नाही, आणि तो काढणं फक्त माझ्या हातात आहे. अर्ज तपासणाऱ्या समितीपुढे वाचायचं निवेदन मी लिहून ठेवलं आहे. तू आलीस तरी वाचणार, नाही आलीस तरी वाचणार. पण न आलेल्या विद्यार्थ्याची फाइल ते परत कपाटात ठेवतील, आणि माझं निवेदनही त्यातच जाईल. अकरा दिवस उरले आहेत. मी हात जोडून सांगतो, ये.

गं. वि. पानगांवकर


सोलापूर, १४ मार्च २०२५

सृष्टी,

परवा तू समितीच्या खोलीतून बाहेर गेल्यावर आत काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. म्हणून लिहितो.

त्याआधी एक कबुली. अठ्ठावीस तारखेला चार वाजता इंद्रायणीचा फोन आला, ‘सर, अर्ज आला.’ तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून काकूंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘आधी तोंड धुवा, मग रडा.’

आता समिती. मी निवेदन वाचत होतो. शेरा चुकीचा, तो द्वेषाने आणि न वाचता लिहिला, इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. वीरभद्रप्पा सर अध्यक्ष, ते चष्मा पुसत ऐकत होते. पुढे मी म्हणालो, ‘उत्तेजित अवस्थेत रेणू काटकोनात वळतो, हे सृष्टी मेटकरी यांनी निर्विवाद सिद्ध केले आहे,’ आणि तू उठून उभी राहिलीस. मला वाटलं, आता सहा वर्षांचं सगळं बाहेर पडणार. मी तयार होतो.

तू म्हणालीस, ‘सर, ते वाक्य काढा. काटकोन मी मोजलेला नाही. दुसरा उंचवटा ध्रुवीय द्रावकात वाढतो आणि दाट द्रावकात दबतो, एवढंच मी दाखवलंय. रेणू वळतो हा त्यावरून काढलेला अर्थ आहे. दुसरा अर्थ निघाला तर मला बदलावं लागेल.’

तू बाहेर गेलीस. दार लागलं. वीरभद्रप्पा सरांनी चष्मा घातला, फाइल स्वतःकडे ओढली, माझा शेरा मोठ्याने वाचला, ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत,’ आणि मला विचारलं, ‘पानगांवकर, ती हीच मुलगी?’ मी म्हटलं, ‘हीच.’ ते म्हणाले, ‘तिच्या बाजूचं वाक्य तिने काढायला लावलं. तुमच्या चार पानी निवेदनाची गरज नव्हती हो.’ मग पेन माझ्याकडे सरकवलं. मी तो शेरा आडवी रेघ मारून खोडला, शेजारी ‘हे असत्य आहे’ लिहिलं. अक्षर किरटं आलं, पण वाचता येतं. २०२० च्या पत्रावरही तेच लिहिलं. सगळ्यांनी बघितलं.

माझ्या निवेदनाने तुला न्याय मिळाला असं मी घरी येताना स्वतःला सांगून बघितलं. जमलं नाही. मी तुझी स्तुती करतानाही उतावळाच होतो, आणि तू तुझ्या फायद्याची चूकसुद्धा राहू दिली नाहीस. माझ्या हाताखालून चौदा जण पीएच.डी. झाले. हे मी त्यातल्या कुणाला शिकवलं नाही, कारण ते मलाच येत नव्हतं.

व्हरांड्यात तू मार्गदर्शक म्हणून इंद्रायणी मॅडमचं नाव देणार म्हणालीस. मी मान डोलावली, पण मला लागलं. लागायला हवं होतं. नंतर मी निर्लज्जपणे विचारलं, ‘मग मला काही काम?’ तर तुझं उत्तर: ‘सर, चुका काढायला तुमच्यासारखं कुणाला जमत न्हाई की. मसुदा पाठवीन. माफीचं मागनं बगू.’ पहिल्यांदाच तू माझ्याशी गावच्या बोलीत बोललीस. गावच्या लोकांशीच तू तसं बोलायचीस, हे मला आठवत होतं.

पाठव. वाट बघतो.

गं. वि. पानगांवकर


सोलापूर, ६ मे २०२५

सृष्टी,

तिसरं प्रकरण मिळालं. इथे पारा त्रेचाळीसवर आहे, काकूंनी पंख्याखाली माझं टेबल लावून दिलंय, आणि लाल पेन लपवून ठेवलंय. मी शिसपेन्सिलीने वाचतोय.

माफीचं तू नंतर बघणार आहेस ते मला मान्य आहे. मी त्याबद्दल पुन्हा विचारणार नाही.

एकूण पाच चुका काढल्या. काढल्या तशा लगेच लिहून पाठवणार होतो, पाकीटही केलं होतं. मग ते फोडलं आणि एकेक चूक तपासायला घेतली. पहिली चूक नव्हती, संदर्भ मी जुना धरला होता. दुसऱ्या ठिकाणी तुझं गणित बरोबर निघालं, मी दशांशचिन्ह चुकवलं होतं. तिसरीसाठी इंद्रायणीला फोन केला, ती हसली. चौथीला मला दोन दिवस लागले. तो परिच्छेद मी सहा वेळा वाचला, आणि आता मला तो समजला असं म्हणायचं धाडस करतो. द्रावकाच्या रेणूंना तोंड फिरवायला जो वेळ लागतो, तोच धरून तू जे मांडलं आहेस, ते मी आजवर कुठे वाचलेलं नाही. फार सुंदर आहे. ते कुणाच्या सांगण्यावरून कापू नकोस, माझ्यासुद्धा.

पाचवी मात्र खरी चूक आहे. पान चौदा, खालून दुसरी ओळ. तिथे तापमान सोळा अंश छापलंय. सोळा अंश सोलापुरात ऑक्टोबरात कुठून येणार, म्हणून तुझी मूळ वही काढून पाहिली.

वहीत सव्वीस आहे. वही बरोबर आहे.

गं. वि. पानगांवकर